घरचे मागून

आमच्या आजोबांनी 1971 चं युद्ध जवळून पाहिलं, आणि नातवाच्या उपयोगी पडेल असं एक वाक्यही त्यावर बोलले नाहीत. शकरगडच्या आघाडीवर, बसंतर नदीच्या परिसरात, जिथे 21 वर्षांचे अरुण खेतरपाल 16 डिसेंबरला लढता लढता पडले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरले, तिथेच थोडं मागे आजोबा लष्कराच्या ईएमई दलाचे मेकॅनिक म्हणून सेंच्युरियन रणगाडे दुरुस्त करत होते. मी विचारायचो, "गोळे पडायचे तेव्हा काय वाटायचं?" उत्तर यायचं, "ते मीटिअर इंजिन पेट्रोल फार प्यायचं बघ."

आता याचा ललितलेख कसा करायचा? मी लेखक आहे. निदान एका दिवाळी अंकाने तसं छापलंय.

सुभेदार होऊन ते नगरला परतले आणि चर्चचे डीकन झाले. इथे जरा विषयांतर, कारण लोकांना डीकन म्हणजे उपदेश करणारे कुणी बडं प्रस्थ वाटतं. 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय 6 काढा. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांना डावललं जातं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. प्रेषित म्हणाले, आम्ही प्रवचन सोडून पंगती वाढत बसू काय? मग सात जण निवडले. डीकन मंडळी आपली परंपरा तिथून सांगतात. पंगतीतली भांडणं दोन हजार वर्षं जुनी आहेत, हे वाचून मला आमच्या घरातल्या लग्नांबद्दल फार धीर आला. पण खरी गंमत पुढे आहे. त्या सातांतला स्तेफन हा पहिला ख्रिस्ती हुतात्मा. म्हणजे हौतात्म्याचा मान प्रवचनकारांच्या आधी वाढप्यांच्या कमिटीने पटकावला!

आजोबांनी तो अध्याय फारच मनावर घेतला होता. नाताळच्या प्रीतिभोजनाला मटणाच्या पातेल्यावर वगराळं घेऊन ते स्वतः उभे. शिस्त लष्करी. आधी विधवा, मग म्हातारे, मग पाहुणे, मग पोरं. त्यातही पाळकांची पोरं आधी. आम्ही नातवंडं ताटं घेऊन ताटकळत असायचो. "घरचे मागून!" आमची पाळी येईपर्यंत पातेल्यात रस्साच उरायचा. सुभेदाराचा नातू असून मला कधी धड नळी मिळाली नाही. हा राग मी अजून धरून आहे.

शेवटी आजीला विसरण्याचा आजार जडला. आजोबा तिला मऊ भात कालवून भरवायचे. एकदा तिने तोंड मिटून विचारलं, "तुम्ही कोण?" 

"वाढपी आहे, बाई," ते म्हणाले. तिने तोंड उघडलं. 

मला हे बघवलं नाही. मी उगाच गॅलरीत जाऊन फोन लावला.

आजोबा नव्वदी ओलांडून गेले. स्मरणसभेत मी बसंतर गाजवली. धूर, धुरळा, रणगाड्यांची घरघर, सगळं माझ्याच पदरचं. लोक सभ्यपणे खोकत होते. 

नंतर जेवणाच्या रांगेत चर्चमधल्या एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "रणगाड्याचं बोललास ते ठीक. पण सुभेदार आमच्या ताटात वगराळं तळातून फिरवून वाढायचे, ते नाही सांगितलंस? नवरा गेल्यावर पहिल्या नाताळाला मला दोन नळ्या वाढल्या होत्या त्यांनी."

माझ्या नळ्यांचा पत्ता असा लागला. मी ताटाकडे हात नेला.

"थांब रे," मावशी म्हणाल्या, "तू घरचा ना?"