घरगुती वापराची पिकअप

कोल्हापुरात जुनी बोलेरो पिकअप विकणारा माणूस किंमत सगळ्यात शेवटी सांगतो. आधी गाडीचं चारित्र्य सांगतो. "एकहाती गाडी हाय, पाव्हणं. घरगुती वापर. दूध आन् वैरण, बास. भाड्यानं कधी दिली न्हाई."

गाडी 2009 सालची. किलोमीटरचा काटा 72 हजारांवर उभा होता. मेहुण्याने दोन गल्ल्यांची चक्कर मारून आणली, तरी 72 हजारच. क्लचच्या पेडलवरचं रबर मात्र पार झिजून खालचं लोखंड चकचकत होतं. नुसत्या दूध-वैरणीला इतका क्लच दाबावा लागला असेल, तर यांची म्हैस बेळगावात बांधलेली असणार.

आमची गरज बेताची. पावसजवळ हापूसची कलमं आहेत. हंगामात पेट्या रत्नागिरीला पोचवायच्या असतात, आणि गावातला भाड्याचा टेम्पो नेमका तेव्हाच वऱ्हाड घेऊन जातो. नवी पिकअप झेपणारी नव्हती. म्हणून मेहुण्याला बरोबर घेऊन मी घाट चढलो. त्याला गाडीतलं कळतं, असं माझ्या सासुरवाडीचं मत आहे.

मेहुण्याने इंजिन थंड असताना चालू करायला लावलं आणि सायलेन्सरपाशी उकिडवा बसला. "धूर बघा, भावजी. काळा म्हणजे डिझेल जास्त जळतंय किंवा हवा कमी पडतेय. निळा म्हणजे ऑइल खातेय. पांढरा थांबलाच नाही, तर सिलिंडरात पाणी." गाडीने आधी पांढरा दाखवला, मग थोडा काळा दाखवला. निळा दाखवला नाही, एवढ्यावर सौदा ठरला.

कागद चोख होते. चासी नंबर पेन्सिलने कागदावर उठवून आरसीशी ताडला. बँकेचा बोजा उतरल्याचा नमुना 35, मालकी बदलाचे 29 आणि 30, ना-हरकतीसाठी 28, सगळ्यांवर मालकाने ऐटीत सह्या ठोकल्या. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, तेही चालू होतं. गाडीचा रंग, वजन, इंजिन नंबर, सगळं आरसीत असतं. तिने दिवस कसे काढले, ती नोंद पन्हाळा-शाहूवाडी तालुक्यांनी ठेवली होती.

पहिली नोंद वाघबीळच्या आसपास मिळाली. हवा भरायला थांबलो, तर टायरवाला नळी न उचलताच म्हणाला, "मागचं दोन्ही रिमोल्ड हायत. मीच दिल्यात. बेतानं मारतो हवा." मग केबिनमध्ये डोकावून विचारलं, "मालक कुठं हायत?" मालकाने गाडी विकली, हे ऐकून तो जरा वेळ हायवेकडे बघत राहिला. दोन टायरांचे पैसे यायचे होते.

बांबवड्याला चहाच्या टपरीपुढे गाडी लावली. आम्ही खाली उतरायच्या आत भज्यांची प्लेट आणि दोन कट चहा आले. मागितलं कुणी नव्हतं. टपरीवाल्याने गाडी बघून ऑर्डर लावली होती. बिल विचारलं तर त्याने वही काढली. वहीत माणसांची नावं नव्हती, गाड्यांचे नंबर होते. आमच्या नंबराखाली पान भरलेलं. मेहुणा म्हणाला, "हा नंबर आता आमचा." टपरीवाला आनंदाने म्हणाला, "मग तर झालंच की!" आमची भजी रोखीने आणि मागचं पान जुन्या मालकाकडून, हे त्याला पटेपर्यंत दुसरा चहा झाला.

मलकापूर सोडलं आणि चढाला गाडी आचके देऊन बंद पडली. मेहुण्याने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ गंभीर चेहरा केला. तेवढ्यात मोटारसायकलवरून जाणारा एक मिस्त्री आपण होऊन थांबला. गाडीला काय झालंय, हेही त्याने विचारलं नाही. पान्याने डिझेल फिल्टरवरचा नट सैल केला आणि बाजूचा हातपंप अंगठ्याने दाबायला लागला. नटाभोवती आधी नुसते बुडबुडे, मग पांढरट फेस, मग एकदाचं नितळ डिझेल आलं. तसा नट आवळून म्हणाला, "मारा सेल्फ." गाडी सुरू. "लाइनला एअर धरती. हिचं नेहमीचंच हाय. तांब्याचं वायसर बदला, धा येळा सांगितलं हुतं त्यास्नी."

मग तो हौशीने गाडीखाली शिरला आणि आम्हालाही वाकायला लावलं. मागच्या पाट्यांमध्ये वरचे दोन नव्या लोखंडाचे, बाकीच्यांपेक्षा जाड. "ह्ये मागनं घातल्यात. पासिंग सव्वा टनाचं, आन् वढला तीन-तीन टन चिरा."

"चिरा? आम्हाला वैरण म्हणाले."

"वैरण?" मिस्त्री गाडीखाली आडवाच हसत सुटला. बाहेर आल्यावर मात्र मनापासून सांगून गेला: इंजिन ऑइल वेळेवर, पाट्यांच्या शॅकलला आणि प्रॉपेलरच्या क्रॉसला ग्रीस, रेडिएटरात विहिरीचं पाणी ओतू नका, कूलंट घाला. तिकडं खारं वारं, म्हणून हौदा आणि चासी धुवून कोरडी ठेवा. पैसे घेतले त्याने फक्त हातपंपाचे.

आंबा घाटाच्या तोंडाशी मेहुण्याला डिझेल वाचवायची हुक्की आली. "न्यूट्रल करून सोडू या, भावजी." मी साफ नकार दिला. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, म्हणजे इंजिन गाडीला मागे धरतं. न्यूट्रलवर सगळा भार ब्रेकवर, ते तापले की धरत नाहीत. आणि इंजिन बंद केलं तर बूस्टरचं व्हॅक्यूम संपून पेडल दगडासारखं होतं. आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये घरघरत उतरलो. तीन टनांसाठी कडक केलेले पाटे आणि हौद्यात फक्त मेहुण्याची पिशवी. प्रत्येक खड्ड्याला पिशवी गाडीच्या आधी वर जायची. वर चढणारे ट्रकवाले मात्र हॉर्न मारून हात करत होते. मीही हात केला. ओळख गाडीची होती, सलाम आम्हाला मिळत होता.

साखरप्याला एक गृहस्थ आडवेच आले. "ही गाडी आमच्या खाणीवर येयची ना? तुमी घेतलाव काय? किती दिलंव?" आकडा सांगितला. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. जुन्या मालकाने या सौद्यात पैसे घालवले असते, तर गृहस्थांनी एवढा संयम दाखवला नसता. पाली, हातखंबा गेलं आणि पावस येईपर्यंत गाडी पुन्हा कुठेही अडली नाही.

गाडी चांगली निघाली. तीन टन चिरा ओढलेल्या इंजिनाला आंब्याच्या पेट्या म्हणजे रजाच. वायसर बदलले, जादा पाटे काढून टाकले, टायर नवे घातले. तेव्हा जुनी पिकअप घेणाऱ्यांनी मेकॅनिक जरूर न्यावा, पण इसार देण्याआधी गाडी तिच्या रोजच्या रस्त्यावर न्यावी, टपरीसमोर उभी करावी आणि आपण गप्प बसावं. बाकीचं लोक सांगतात. आणि कागद लगेच दाखल करावेत: राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव चढेपर्यंत सरकारदरबारी मालक जुनाच राहतो. टपरीच्या वहीत मात्र पहिल्या चहालाच तुम्ही.