कोटी काढणारे सर

गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही हायस्कुलात जा, नववीला बीजगणित शिकवणारे असे एक सर भेटतातच. बुशशर्टच्या खिशात लाल पेन, बाहीवर खडूची भुकटी आणि तोंडात दोनच शब्द : ‘कोटी सांग.’

‘पाच क्षचा सातवा घात अधिक नऊशे क्षचा वर्ग. कोटी सांग.’

पोरगं नऊशेला भुलतं. ‘दोन, सर.’

‘काहून बे, नऊशे पाहून घाबरला? तो सहगुणक आहे. त्याले कोण विचारते? सगळ्यात मोठा घातांक पाह. सात!’

इथवर ठीक. पण घंटा झाल्यावरही सर थांबत नाहीत. लग्नाच्या पंगतीत राइस मिलचा मालक समोर बसला, की ते शेजाऱ्याच्या कानाला लागतात, ‘सहगुणक दांडगा आहे हो, पण घात एकच.’ रोवणीला जाणाऱ्या बाईची पोरगी बारावीला तालुक्यात पहिली आली, तेव्हा सगळ्यांच्या आधी पेढे यांनी वाटले. ‘सहगुणक एक, पण घात पाहा!’ उधारी बुडवणारा म्हणजे ऋण घातांकवाला. तो तर त्यांच्या मते बहुपदीतच बसत नाही.

भंडाऱ्याचे मामा आले, की १ मे १९९९ चं जुनं दुखणं निघतं. ‘तुमचा गोंदिया वेगळा झाला अन् आमचा जिल्हा लहान झाला.’ सर त्यांना पाट सरकवतात. ‘मामाजी, वजाबाकी झाली म्हणून कोटी उतरतेच असं नाही. सगळ्यात मोठं पद कटलं तरच उतरते. तुमचं काय कटलं, सांगा.’ मामा मुकाट्याने भाताचा घास घेतात.

ग्रामसभेत तर सर वहीच उघडतात. मागच्या खेपेला दोन पुढारी तास तास बोलले. एकाचं भाषण अधिक क्षचा घन, दुसऱ्याचं उणे क्षचा घन. लोकांना वाटलं, सभा तिसऱ्या कोटीची झाली. सर म्हणाले, ‘आधी सरळ रूप द्या, मग कोटी काढा.’ घनाला घन कटला, वर्गाला वर्ग कटला. खाली उरला मालगुजारी तलावातला गाळ. दरवर्षी तेवढाच. ‘स्थिर पद. कोटी शून्य,’ म्हणत सरांनी वही मिटली.

सोयरीक जुळवणाऱ्यांनाही त्यांचा सल्ला ठरलेला : ‘बेरजेत मोठा घात वाढत नाही, गुणाकारात घातांकाले घातांक मिळते. दोन तापट घरं जोडताना इचार करा!’

अशा माणसाला अडवलं ते शेवटच्या बाकावरच्या एका पोराने. चाचणीचे पेपर वाटून झाले होते.

‘सर, नुसत्या शून्याची कोटी किती?’

सर खुलले. ‘शाब्बास! पाचाची कोटी शून्य, कारण पाच म्हणजे पाच गुणिले क्षचा शून्यावा घात. पण शून्य गुणिले क्षचा दहावा घातही शून्य अन् शंभरावा घातही शून्यच. मग कोणता घात धरशील? म्हणून शून्य बहुपदीची कोटी सांगता येत नाही.’

‘मग माझीबी नाही सांगता येत ना, सर?’ पोराने पेपर पुढे केला. वीसपैकी शून्य.

वर्ग हसला. सरांनी लाल पेन काढलं, शून्य खोडलं आणि तिथे एक लिहिला.

‘घे. आता सांगता येते. शून्य.’