काठावरचे पास

मिनेसोटातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘१०,००० तळी’ असं छापलेलं असतं. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ११,८४२ भरतात. म्हणजे जाहिरातीतही विनय! मग तंबूपुरता काठ मिळायला अडचण कसली? अडचण इतकीच, की राज्य उद्यानांतलं आरक्षण १२० दिवस आधी उघडतं आणि पाण्यालगतच्या जागा दिवाळीतल्या कोकण रेल्वेसारख्या बघता बघता ‘फुल्ल’ होतात. आपल्या नशिबी उरते ती संडासाशेजारची.

ज्यांना काठ मिळाला, त्यांचं तरी काय? जूनमध्ये त्या काठावर पहिला हक्क डासांचा. चहात दोन-चार पडतात, उरलेले कपाभोवती रांग लावतात. एकांत हवा म्हणावा, तर पलीकडच्या घराएवढ्या गाडीचा जनरेटर घरघरतोय. आणि चहूकडे झाडंच झाडं असूनही जळणाची मोळी विकत घ्यायची! उद्यानात काटक्या वेचायला बंदी. घरून आणावी, तर लाकडातून अॅशची झाडं पोखरणारी कीड पसरते. हा नियम मात्र शहाणपणाचा.

तेव्हा संडासाशेजारची जागा मिळाली तर खुशाल घ्या. रात्री दोन वाजता, बाहेर अस्वल असेल या शंकेने जाग आल्यावर, तळ्याचा देखावा कुणाच्याच कामी येत नाही.