बावन्न टक्क्यांचा लेफ्टनंट

“बावन्न पडले वं. पण कोणाले सांगू नका,” असं मामी भिंतीवरून वाकून म्हणाल्या, तेव्हा पलीकडे सुभेदारीण काकू होत्या, अलीकडे मी होते आणि रस्त्यावर भाजीचा ठेला थांबलेला होता. म्हणजे संध्याकाळपर्यंत बातमी टेकाडीला पोचणार हे नक्की झालं.

निकाल बारावीचा, पोरगा सायन्सचा. मामा वेकोलिच्या खुल्या खाणीत डंपर चालवतात. पोरगा इंजिनिअर होऊन आपल्याच खाणीत साहेब म्हणून यावा, एवढीच त्यांची इच्छा. निकाल पाहून ते फर्स्ट शिफ्टवरून येऊन जेवले आणि कोणाशी न बोलता झोपले.

“आता काय, भर्ती,” मामी म्हणाल्या. “धावते तर मस्त. अग्निवीर होऊन जाईन.”

कन्हानात हा हिशोब जुना आहे. पूल ओलांडला की कामठी, 1821 पासूनची छावणी, तिथेच गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर. आमच्या लहानपणापासून पोरगं अभ्यासात मागे पडलं की ‘मिलिटरीत टाकतो’ आणि पुढे गेलं की ‘डॉक्टर करतो’. यात अधिकारी हा प्राणी बसतच नाही. साहेब लोक कुठूनतरी उत्तरेकडून येतात, इंग्रजीत जन्मतात आणि जिप्सीतून उतरतात, अशी आमची पक्की समजूत.

काकूंनी हातातली मेथीची जुडी भिंतीवर ठेवली. त्या निवडायला बसल्या की बोलतात आणि जुडी ठेवली की भांडतात. “काहून भर्ती? ऑफिसर काहून नाई?”

“बावन्न टक्क्यात?”

“अवं, अग्निवीरच्या जनरल ड्यूटीले दहावीत 45 टक्के पायजे, वरून एकेका विषयात 33. आता सांग, एनडीएले किती पायजे?”

“नव्वद?”

“काहीच नाई. बारावी पास. बस.”

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली नाही, कारण मलाही खोटं वाटलं. नंतर यूपीएससीची जाहिरात काढून वाचली. काकू खऱ्या. एनडीएच्या लष्कर शाखेला कुठल्याही शाखेची बारावी चालते, नौदल आणि हवाई दलाला भौतिक, रसायन, गणित लागतं, पण टक्क्यांची अट कुठेच नाही. उंचीचं तर आणखी गमतीचं. जवानाच्या भरतीला आपल्याकडे 168 सेंटिमीटर मागतात आणि अधिकाऱ्याला 157 पुरतात. जवानाच्या दारावर गुणपत्रिका आणि फूटपट्टी दोन्ही धरतात, साहेबाच्या दारावर मात्र गुणपत्रिका आधी मागतच नाहीत. हे कोणी का सांगत नाही? आपल्या शाळांमधून तर नाहीच. बावन्नवाल्याला भरतीचं मैदान दाखवतात आणि एनडीएचं नाव पहिल्या बाकावरच्या पोरासाठी राखून ठेवतात. तो पहिल्या बाकावरचा तर हैदराबादला कोचिंगला निघून गेलेला असतो.

“मंग सगळेच ऑफिसर झाले असते,” मामी म्हणाल्या. बिनतोड.

“टक्के विचारत नाई म्हटलं वं, पेपर घेत नाई असं नाई म्हटलं!”

तर पेपर. गणिताचा 300 मार्कांचा, बाकी सगळ्याचा मिळून 600 चा, आणि चुकलेल्या उत्तराला एकतृतीयांश मार्क कापतात. अंदाजानं ठोकणाऱ्याचं तिथं काम नाही. पण लेखीचा कटऑफ 900 पैकी साडेतीनशेच्या आसपास फिरतो, कधी आणखी खालीही जातो. म्हणजे चाळीस टक्क्यांना पोरगा पुढं जातो! बावन्नवाल्या घरात हे ऐकून जीव भांड्यात पडावा. पडू देऊ नये. लाखांनी पोरं बसतात, आणि हे चाळीस टक्के बोर्डाच्या पेपरासारखे पाठांतरावर मिळत नाहीत. ज्याचं गणित आठवीतच सुटलं त्याला आठवीपासूनच धरावं लागतं.

“त्याचं गणितच तर कच्चं आहे. गणितात 38.”

“मंग ग्रॅज्युएशन करू दे आन् सीडीएस देऊ दे. देहरादूनच्या आयएमएले गणित लागते, ते पन दहावीचं. चेन्नईच्या ओटीएले तर गणिताचा पेपरच नाई, इंग्रजी आन् जनरल नॉलेज. कोणतीपन डिग्री, टक्क्याची अट नाई.”

इथं मामींचा चेहरा एकदम उजळला. “ओटीए? ते तर आपल्या कामठीलेच आहे! बोर्ड पाह्यला मी. सायकलनं जाईन!”

हा घोटाळा आमच्याकडे घरोघरी आहे. कामठीत ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी आहे खरी, पण ती एनसीसीची. तिथं कॉलेजातले प्राध्यापक येतात, प्रशिक्षण घेतात आणि आपापल्या कॉलेजात एनसीसीचे अधिकारी म्हणून परततात. सकाळी मैदानात घामाघूम झालेले जे पोट सुटलेले लेफ्टनंट दिसतात, ते परवापर्यंत अर्थशास्त्र शिकवत होते. फौजेचे अधिकारी घडवणारी ओटीए चेन्नईला आणि गयेला.

“पन एनसीसीचा रस्ता खरा,” काकू म्हणाल्या. “कॉलेजात एनसीसी घेतली, ‘सी’ सर्टिफिकेटमध्ये बी ग्रेड आणला आन् डिग्रीत 50 टक्के पाडले, तर लेखी परीक्षाच नाई. सरळ एसएसबी, म्हंजे निवड मंडळापुढं. माझा भाचा तसाच गेला. बारावीत 58 होते त्याले, आता कॅप्टन आहे.”

एवढं बोलून त्यांनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. कारण आता त्यांना भांडायचं नव्हतं, सांगायचं होतं.

भाच्याची एसएसबी हा आमच्या भिंतीवर गाजलेला विषय आहे. पहिल्या दिवशी छातीवर नंबर लावतात आणि नाव संपतं. मग एक अंधूक चित्र अर्धा मिनिट दाखवतात. चित्रात माणूस आहे की खांब आहे तेही धड कळत नाही. त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग सगळ्यांनी गोल बसून आपापली सांगायची आणि एक सामायिक ठरवायची. तिथं पंधरा पोरं एकाच वेळी ओरडतात. संध्याकाळच्या आत अर्ध्याहून जास्त पोरांना परतीच्या गाडीचं भाडं देऊन पाठवतात. जे राहतात त्यांना दुसऱ्या दिवशी एकामागून एक साठ शब्द दाखवतात, एका शब्दाला पंधरा सेकंद, जे सुचेल ते वाक्य लिहायचं. विचार करून खोटं लिहायला वेळच मिळू नये, ही त्यातली मेख. मग मैदानावर लाकडाच्या फळ्या, दोऱ्या, पिंपं देतात आणि म्हणतात, हा नाला आहे असं समजा, सामान घेऊन पलीकडे जा. फळी मुद्दाम आखूडच असते.

“आन् मुलाखतीत टक्के विचारले ना,” काकूंनी आवाज खाली आणला. भाजीचा ठेला अजून गेलेला नव्हता.

“पाह्यलं! विचारतेच ना!” मामी.

“विचारतेच. दहावीत किती, बारावीत किती, कमी काहून पडले, कोणते मास्तर आवडत होते, बाप काय करते, सगळं एका दमात विचारते आन् म्हणते आता सांग. पयल्या बारीले त्यानं सांगितलं, परीक्षेत टायफॉईड झाल्ता. पाचव्या दिवशी घरी. दुसऱ्या बारीले सांगितलं, वर्षभर कबड्डी खेळलो, अभ्यास नाई केला, शेवटच्या महिन्यात घाबरलो. झाला सिलेक्ट.”

“खरं बोलला म्हणून सिलेक्ट झाला, असं नाही हां,” आतून आवाज आला. सुभेदार काका. ते पेपर वाचत असतात असं काकू समजतात. “क्यों हुआ, क्यों नहीं हुआ, ते बोर्डले माहीत. तिथून आलेला हरेक पोट्टा आपली एक थिअरी घेऊन येते.”

मला काकांचं पटलं. कबड्डीचं खरं सांगून परत आलेलीही पोरं असतीलच. त्यांच्या मावशा भिंतीवर बोलत नाहीत, एवढंच.

मामींनी हाताची बोटं मोजायला सुरुवात केली. पोरगा अठराचा. एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा वर्षातून दोनदा, म्हणजे दोन-तीन संधी. सीडीएसला ओटीएसाठी पंचविशीपर्यंत. “फी किती?” हा त्यांचा खरा प्रश्न होता.

फी नाही. खडकवासल्याच्या एनडीएची तीन वर्षं सरकारच्या खर्चानं, डिग्रीसकट. पुढं देहरादूनच्या वर्षात उलट महिन्याला 56,100 रुपये मिळतात. नागपूरच्या कुठल्याही खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी आठवून मामी थोडा वेळ गप्प राहिल्या.

“आन् क्लास?”

इथं काकांना बाहेर यावंच लागलं. नाशिकरोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सीडीएसची तयारी करून घेतात, एसएसबीची वेगळी, राहणं-खाणं-शिकवणं सगळं फुकट. चौकशी नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. संभाजीनगरला 1977 पासून सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, पण ती दहावीनंतरची, या पोराची वेळ गेली. “तुमच्या बारक्या पोरीची नाही गेली,” काका म्हणाले. मुलींसाठी तशीच संस्था 2023 पासून नाशिकला आहे. एनडीएत मुली 2022 पासून आहेत आणि पहिल्या सतरा जणी मे 2025 मध्ये बाहेरही पडल्या. मामी म्हणाल्या, तिचं नंतर पाहू. तिला 86 आहेत. तिला डॉक्टर करायचंय.

बंद दारंही काकांनी सांगून टाकली. बारावीवर थेट टेक्निकल एंट्री घ्यायची तर पीसीएममध्ये 60 टक्के आणि जेईई लागते, तिथं बावन्नवाल्यानं जाऊच नये. हवाई दलाच्या एएफकॅटला डिग्रीत 60 लागतात. “और भर्ती बुरी नाही,” ते पुढं म्हणाले. “जवान होऊनही ऑफिसर होता येते. बारावी पास पायजे, दोन वर्ष नौकरी, वय 20 ते 27. आर्मी कॅडेट कॉलेज. तीन वर्ष तिथं, एक वर्ष आयएमए. आमच्यातले कितीक गेले.”

“तुम्ही काहून नाई गेले?” मामींनी विचारलं. हा प्रश्न या भिंतीवर कोणी कधी विचारला नव्हता.

“मी दहावी होतो. बारावी केली तवा अठ्ठावीस लागलं होतं.”

“एक वर्ष!” काकू म्हणाल्या. “एका वर्षानं माझं मेमसाब राह्यलं.” आणि त्या हसल्या, पण मेथी जरा जोरातच तोडली.

काकांना आवडणारी गोष्ट रामा राघोबा राणे यांची. कारवारजवळच्या चेंडियाचे, पोलीस शिपायाचा मुलगा. 1940 मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये साधा जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, डिसेंबर 1947 मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. चारच महिन्यांनी, एप्रिल 1948 मध्ये, नौशेरा ते राजौरीच्या वाटेवर गोळीबारात सुरुंग काढत होते. एका ठिकाणी रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्यासोबत सरपटत पुढं गेले. ड्रायव्हरला थांब आणि चल सांगायला दोन दोऱ्या बांधून घेतल्या होत्या. परमवीरचक्र मिळालं, ते जिवंतपणी. कारवारला समुद्रकाठी त्यांचा पुतळा आहे. “आणि आपल्या नागपूरचे जनरल मनोज पांडे,” काका म्हणाले, “लष्करप्रमुख झाले 2022 मध्ये, ते पन बॉम्बे सॅपर्सचेच. एक एनडीएतून आला, एक भर्तीतून. पलटण तीच.”

ते स्वतः गार्ड्सचे. दुसऱ्या रेजिमेंटचं कौतुक ते सहसा करत नाहीत, म्हणून मी हे लक्षात ठेवलं.

काकूंना मात्र ग्रुप कॅप्टन वरुण सिंग आठवत होते. डिसेंबर 2021 च्या कुन्नूरच्या हेलिकॉप्टर अपघातातून वाचलेले ते एकटेच, आणि आठवड्याभरात तेही गेले. त्याआधी काही महिने, तेजस विमान बिघडलं असताना ते सुखरूप उतरवल्याबद्दल शौर्यचक्र मिळालं, तेव्हा त्यांनी आपल्या शाळेला पत्र लिहिलं होतं: मी शाळेत सामान्यच होतो, बारावीत जेमतेम फर्स्ट क्लास, सामान्य असायला हरकत नाही. काकूंनी ते पत्र तेव्हा सगळ्या ग्रुपवर पाठवलं होतं. मामींनाही. मामींनी तेव्हा ते वाचलं नव्हतं, कारण तेव्हा पोराला आठवीत ऐंशी होते.

“बरं, मेडिकलचं पाहून घे आधीच,” काका म्हणाले. “डोळे, गुडघे, कान. आणि गोंदण. टॅटू असंल तर कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूनं किंवा तळहाताच्या मागं चालते. बाकी कुठं असंल तर मुश्किल.”

मामी हबकल्या. “त्यानं रामटेकच्या जत्रेत गोंदलं ना! हातावर. माझंच नाव, ‘आई’. मले दाखवलं नाई, पन सांगितलं.”

“आतून का बाहेरून?”

“ए! बाहेर ये! हात दाखव!”

पोरगा आला. बनियनवर, डोळे सुजलेले, सकाळपासून कोणाशी बोललेला नसावा. काकांनी त्याचा हात धरून उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला. गोंदण आतल्याच बाजूला होतं, मनगटाच्या दोन बोटं वर, नियमात अगदी चपखल बसणारं.

“पास,” काका म्हणाले.

फक्त ते ‘आई’ नव्हतं. नुसतं ‘प’ होतं. आमच्या गल्लीत ‘प’ वरून दोनच मुली आहेत आणि त्यातली एक काकूंची पुतणी. काकूंनी मेथीची जुडी पुन्हा भिंतीवर ठेवली.