फाट्यावरचे मामा

नांदेड, हिंगोली आणि हदगाव अशा तिन्ही वाटा वारंगा फाट्याला मिळतात. लोक इथं खिचडी खायला उतरतात, मामा पोरं हेरायला बसतात. एसटीतून उतरताना ज्याला मान वाकवावी लागली, तो पोरगा मामांचा.

"कोन्या गावचा रं? बारावी झाली का? बस, खिचडी खा."

पहिली प्लेट संपेस्तोवर मामांनी उंची, कोरडवाहू किती आणि बापावर सोसायटीचं कर्ज किती, हे काढून घेतलेलं असतं. दुसरी येते तेव्हा प्रवेशच झालेला असतो. फी माफ, खोली फुकट, मेसचा डबा चालू, हजेरीचं मामा बघतील. पोरानं बास्केटबॉल जन्मात पाहिलेला नसतो, पण ही अडचण किरकोळ. "हात वर केला की रिंगजवळ जातो ना? झालं तर!"

मामा कुठल्याच कॉलेजात नोकरीला नाहीत. तरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या की चार कॉलेजांचे फोन त्यांनाच येतात. वयाचा नियम, टीसीचा नियम, सगळे तोंडपाठ. कोणता कुठं विरलाय, तेही.

भाच्यानं एकदा अमेरिकेची बातमी सांगितली. लुईव्हिल विद्यापीठानं 2013 साली बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं होतं. पुढं उघड झालं की नवे खेळाडू गळाला लावायला वसतिगृहात बायका नाचवल्या जात होत्या, आणि 2018 मध्ये ते विजेतेपद काढून घेतलं. मामा आधी लाजले. "आपलं खिचडीवर भागतं बाबा." मग हिशेब करून म्हणाले, "म्हंजी पाच वर्सं ढाल कपाटात होती की!"

खरा माल ढाल नव्हेच, प्रमाणपत्र. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, आणि त्याच्या आशेनं बाप रान गहाण टाकतो. ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याचं बाहेर आलं, तेव्हा मामा मनापासून चिडले होते. "न खेळता सर्टिफिकेट? आपला पोरगा मैदानात घाम तरी गाळतो!"

गाळतो, खरंय. फक्त दुसऱ्याच्या नावावर. परवाच्या सामन्यात स्कोअररनं "गजानन कोण?" म्हणून दोनदा पुकारलं. पोरगा ढिम्म. शेवटी मामाच ओरडले, "आरं, गजानन म्हंजी तूच!"

गजानन धडपडत उठला. समोरच्या संघाच्या बाकावरूनही एक पोरगा उठला. मामांनी त्याला हातानंच खाली बस म्हणून खुणावलं.