पिवळा दगड सोडला की

रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड उभे असतात, त्यांच्या डोक्यावरच्या रंगाकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. आपण फक्त आकडा वाचतो आणि गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतो, ''बाप रे, अजून एकशे चाळीस!'' पण त्या रंगाला अर्थ असतो. राष्ट्रीय महामार्गाचा दगड पिवळ्या डोक्याचा, राज्यमार्गाचा हिरव्या डोक्याचा, आणि खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या ग्रामीण रस्त्याचा नारिंगी. मधल्या जिल्हा मार्गाच्या वाट्याला काळा नाहीतर निळा येतो. सुट्टीत गाडी काढून निवांत भटकायचं असेल तर एवढं ज्ञान पुरेसं आहे. पिवळा दिसला की पहिला बरा फाटा शोधायचा. हिरव्यावर जरा सावध असायचं. नारिंगी दिसला की एसी बंद करून काचा खाली घ्यायच्या. कोकणातल्या पावसात कुठलाच रंग फार टिकत नाही, त्यामुळे ज्या दगडाचा रंग पार उडालाय तो रस्ता सर्वांत शांत, असं एक पोटकलम मी माझ्यापुरतं जोडून घेतलं आहे.

आता अडचण अशी की मराठी माणूस रस्त्याबद्दल एकच प्रश्न विचारतो. किती तास लागले? पुण्याहून रत्नागिरीला जाऊन आलात असं सांगा, समोरचा लगेच म्हणेल, ''किती वाजता निघालात?'' आणि तुमच्या उत्तरानंतर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते त्याला तुमच्यापेक्षा पाऊण तास कमी लागला होता याचं असतं. आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत. ते पहाटे साडेतीनला निघतात, नाश्त्याला चिपळूण गाठतात, जेवायला कणकवली, आणि वाटेत काय दिसलं असं विचारलं तर म्हणतात, ''ट्रक फार होते हो.'' असा माणूस शांत रस्त्याच्या वाट्याला गेला तर त्याला वाटतं की आपण हरवलो.

फोनवरच्या नकाशाची शिकवणही याच पंथाची. तो नेहमी लवकर पोहोचवणारा रस्ता ठळक निळा दाखवतो, आणि बाजूला एक फिकट रेघ ठेवून तिच्यावर चोरट्यासारखं लिहितो, '४२ मिनिटं जास्त'. आपल्याला तीच हवी असते. नकाशावाल्यांच्या मनात नसेल, पण ती जास्तीची मिनिटं म्हणजे रस्त्याला दिलेले गुणच आहेत. पंचवीसच्या वर मिनिटं जास्त असली की मी डोळे झाकून तो रस्ता घेतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते. कोकणात मुरुड दोन आहेत. एक जंजिऱ्याशेजारचं, दुसरं हर्णैजवळचं, महर्षी कर्व्यांचं. शिवाय लातूर जिल्ह्यात तिसरं आहे, तिथं समुद्र नाही. यांतलं कुठलं हवं ते निघताना नीट बघून घ्यावं, नाहीतर फोन कमालीच्या आत्मविश्वासानं तुम्हाला उसाच्या शेतात नेऊन सोडेल.

कर्व्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. लहानपणी ते परीक्षेला बसायला मुरुडहून साताऱ्याला चालत गेले होते. सह्याद्री चढून, पायी. आणि तिथं पोहोचल्यावर, तू फार लहान दिसतोस, असं सांगून त्यांना परत पाठवलं. 'किती तास लागले' हा प्रश्न त्यांना घरी कोणी विचारला असेल असं वाटत नाही.

शांत रस्ता ओळखायची माझी सर्वांत भरवशाची खूण मात्र एसटी ही आहे. त्यातही मुक्कामी एसटी. संध्याकाळी तालुक्याहून निघते, रात्री कुठल्याशा वाडीत देवळासमोर उभी राहते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी कॉलेजची पोरं आणि भाजीच्या पाट्या घेऊन परत येते. गाडी मुक्कामाला राहते याचा अर्थ पुढं बहुधा रस्ता संपतो. आणि जिथं रस्ता संपतो तिथून कोणी 'पास' होत नाही. जाणारा माणूस त्याच गावाचा असतो किंवा तुमच्यासारखा रिकामटेकडा. तेव्हा दापोलीच्या, गुहागरच्या, राजापूरच्या स्टँडवर चहा घेता घेता एखाद्या कंडक्टरला विचारावं, ''मुक्कामाच्या गाड्या कुठं कुठं जातात?'' तो आधी तुमच्याकडे संशयानं पाहील, मग भराभर नावं सांगेल. शिवाय दुसरा फायदा असा, की एसटी जिथं वळते तिथं तुमची गाडी वळणारच. एकेरी रस्त्यावर ती समोरून आली तर मागं कोणी घ्यायचं हा प्रश्नच उद्भवत नाही. तुम्ही घ्यायचं. तुम्ही कुंपणाला चिकटून, करवंदीच्या जाळीत आरसा घालून उभे राहता, एसटी चार बोटांच्या अंतरावरून तुमच्या दाराला वारा घालत जाते, आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवरून हात न काढता एक बोट उचलतो. हा आभारप्रदर्शनाचा पूर्ण कार्यक्रम असतो.

घाटांचंही असंच. ताम्हिणी सुंदर आहे यात वाद नाही, पण जुलैतल्या रविवारी तिथं धबधब्यापेक्षा गाड्यांचे ब्रेकलाइट जास्त दिसतात. आंबोलीला तर पावसापेक्षा भजी जास्त. मला आवडतो तो अणुस्कुरा. राजापूरच्या अलीकडं ओणीला महामार्ग सोडायचा, पाचलवरून पुढं जायचं आणि सह्याद्रीची भिंत समोर उभी राहिली की चढायला लागायचं. वर गेलं की मलकापूर, कोल्हापूर. याच्या उत्तरेला आंबा घाट आहे, सगळी वाहतूक तिकडून जाते, त्यामुळे अणुस्कुरा उरतो. कोल्हापूरहून गगनबावड्याला गेलात तर आणखी मजा. तिथं रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटानं वैभववाडीला उतरतो, दुसरा भुईबावड्यानं खारेपाटणकडे. बहुतेक लोक करूळ घेतात. आपण कुठला घ्यायचा हे सांगायला नको.

पण खरी गंमत किनाऱ्याची आहे. एके काळचा १७ नंबरचा, आता ६६ नंबर मिळालेला मुंबई-गोवा महामार्ग समुद्राच्या बराच आतून जातो. त्याचं चौपदरीकरण दहा वर्षं उलटून गेली तरी चाललंय, हा विषय कोकणी माणसासमोर काढू नये, जेवण थंड होतं. महामार्ग आत राहिला तो खाड्यांमुळे. किनाऱ्यानं सरळ यायचं म्हटलं तर दर थोड्या अंतरावर एक नदी आडवी येते आणि तोंडाशी खाडी होऊन पसरते. मांडव्याकडून खाली यायला लागलं की राजपुरीची खाडी, मग सावित्रीची बाणकोटची, मग वाशिष्ठीची दाभोळला, मग शास्त्रीची जयगडला. अ. र. अंतुले १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्यमंत्री होते, तेव्हा त्यांनी रेवस ते रेड्डी असा सागरी मार्ग मनावर घेतला. रस्त्याचे तुकडे झाले, लहान खाड्यांवर पूलही झाले, मोठ्या खाड्या तशाच राहिल्या. त्यांच्यावरून माणसं आणि गाड्या पलीकडे नेते ती फेरीबोट. आगरदांडा ते दिघी, बागमांडले ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. कोकणच्या किनाऱ्यावर जी शांतता आहे ती कोणी जपून ठेवलेली नाही. ती गैरसोयीतून उरली आहे. ट्रकवाल्याला बोटीची वाट बघणं परवडत नाही, साडेतीनला निघणाऱ्या गृहस्थांना तर ते अपमानास्पदच वाटतं, म्हणून हा रस्ता आपल्याला मिळतो.

दाभोळच्या धक्क्यावर गाडी लावून उभं राहण्यात जे सुख आहे ते वेळापत्रक बघणाऱ्याला कळायचं नाही. बोट पलीकडे धोपाव्याला टेकलेली असते, माचिसच्या पेटीएवढी. ती निघाली की नाही यावर रांगेतल्या लोकांची दोन मतं असतात. पुढे दोन-चार मोटारसायकली, त्यांतल्या एकीवर मागं बांधलेला सिलिंडर. एक टेम्पो, त्यात बर्फ घातलेली माशांची टोपली; टोपलीतून पाणी ठिबकतंय आणि त्या थेंबाखाली एक मांजर बसलेलं. टेम्पोवाला मांजराला हाकलत नाही, मांजर टेम्पोवाल्याकडे बघत नाही. बोट जवळ येते, तिची लोखंडी फळी खडखडत धक्क्यावर पडते आणि एक पोरगेला माणूस हातवारे करत गाड्या आत घ्यायला लागतो. आपल्याला वाटतं दोन्ही बाजूंना चांगली हातभर जागा आहे. त्याला वाटतं तिथं अजून एक रिक्षा मावेल. ''या, या, या, या... बस! हँडब्रेक लावा.'' दार उघडता येत नाही इतकी शेजारची गाडी चिकटलेली असते. आपण पोट आत घेऊन बाहेर सरकतो, जिन्यानं वर जातो आणि खाडीच्या तोंडाशी उजवीकडे अरबी समुद्र दिसतो. अर्धं कोकण इथं एकमेकांना ओळखतं. ''काय, आज कुठं?'' ''सासुरवाडीला.'' ''मग डाव्या खिशात हात कशाला?'' सगळे हसतात. आपल्याला विनोद कळत नाही, पण हसू येतं.

बोट नसती तर हेच अंतर चिपळूणला वळसा घालून काढावं लागलं असतं.

या रस्त्यांवर जेवायचे नियम वेगळे. मोठा फलक, पार्किंगला शिट्टी फुंकणारा माणूस, प्लॅस्टिकचा झोका, असं काही दिसलं तर समजावं की आपण चुकून पिवळ्या दगडावर आलो. नारिंगी रस्त्यावर एखाद्या घराच्या फाटकावर खडूनं लिहिलेलं असतं, 'घरगुती जेवण मिळेल'. आत गेलं की काकू ओटीवर येतात. ''आधी फोन करून यायचं होतं. आता नारळ खवायचा, वाटण करायचं, तासभर जाईल. चालेल?'' चालेल म्हणायचं. त्या तासात पडवीतल्या बाकावर बसून सुपाऱ्या वाळत घातलेल्या बघायच्या. मुलांना हे पाच मिनिटं आवडतं. नंतर ती 'वायफाय आहे का' विचारतात, आणि काकू म्हणतात, ''आहे, पण आज लाइट नाही.''

असले रस्ते सापडले की सांगावेत की नाही, हा मोठा पेच आहे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा आरे-वाऱ्याचा रस्ता बघा. डोंगराच्या कडेनं रस्ता वर चढतो, वळणावर एकदम दोन किनारे खाली पसरलेले दिसतात आणि बोलणं थांबतं. पूर्वी तिथं थांबलं तर मागं हॉर्न वाजवायला कोणी नसायचं. मग कोणीतरी त्याचा फोटो काढला, कोणीतरी तो पाठवला, आता त्या वळणावर भाजलेली कणसं मिळतात आणि सेल्फीसाठी थांबलेल्या गाड्यांतून वाट काढावी लागते. कणीस चांगलं असतं, हे खरं. पण मी आता दक्षिणेला जातो. भाट्याची खाडी ओलांडून पावस, पूर्णगड, गावखडी, मग कशेळी, आडिवऱ्याच्या दिशेनं. आडिवऱ्याला महाकाली, कशेळीला कनकादित्याचं सूर्यमंदिर. मधे मधे रस्ता एकदम सड्यावर येतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ, झाड नाही, आडोसा नाही. एप्रिलमध्ये तो तव्यासारखा तापतो आणि तिथं गाडी बंद पडू नये अशी मनोमन प्रार्थना चालते. पण गणपती उरकल्यानंतर, सप्टेंबरच्या शेवटाला गेलात तर त्याच दगडावर पाणी साचलेलं असतं आणि सीतेच्या आसवांचा जांभळा थर पसरलेला असतो. फूल नखाएवढं. खाली बसावं लागतं, गुडघे टेकावे लागतात, तेव्हा त्याचं तोंड दिसतं. शेजारून जाणारा बाईकवाला थांबून विचारतो, ''काय हरवलं काय, काका?''

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कशेळी. हत्ती, मासे, माणसं, आणि काही आकृत्या ज्यांचा अर्थ अजून कोणालाच लागलेला नाही. २०२२ साली यांची नोंद युनेस्कोच्या प्राथमिक यादीत झाली. काढणाऱ्या माणसाच्या काळी रस्ता नव्हताच, तेव्हा शांततेची त्यानं काही विशेष तारीफ केली नसावी.

आता फेरीबोटीच्या त्या सगळ्या खाड्यांवर पूल होणार आहेत. सागरी महामार्गाचं काम पुन्हा हाती घेतलंय, मोठे पूल आराखड्यात आहेत, कुठं कुठं खांबही दिसायला लागलेत. आमच्यासारखे सुट्टीचे प्रवासी यावर हळहळतात. मी हळहळणाऱ्यांत नाही. रात्री शेवटची फेरी गेल्यावर दाभोळच्या एखाद्या घरात बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तर त्या बाईला खाडीकाठची शांतता काय कामाची? पलीकडे शाळेत जाणाऱ्या पोराला रोज बोटीची वाट बघताना काव्य सुचत नाही, उशीर होतो. पूल व्हायलाच हवेत, आणि लवकर व्हायला हवेत. त्यांच्यावर कणसं विकायला लोक येतील, येऊ देत. आपल्यासाठी दुसरा कुठला तरी रंग उडालेला दगड उरेलच.

तोवर जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा, मंगळवार-बुधवार धरा. दोन दिवसांचा मार्ग तीन दिवसांत करा. पेट्रोल दापोलीत किंवा रत्नागिरीत भरून घ्या, सुटे पैसे जवळ ठेवा, आणि शेवटची फेरी किती वाजता सुटते ते धक्क्यावरच्या माणसाला विचारा, फोनला नाही.