होल्स्टीन वळूसाहेबांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री होल्स्टीन फ्रिजियन वळूसाहेब, मुक्काम द्रवरूप नायट्रोजनाचे पिंप, उणे १९६ अंश, यांचे सेवेशी भामाकाठच्या एका खातेदाराचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले दर्शन आम्हांस अद्याप घडलेले नाही. गाय माजावर आली म्हणजे डॉक्टर मोटारसायकलीस पिंप बांधून येतात, धुके ओसंडणाऱ्या त्या पात्रातून चिमट्याने एक बारीक नळी उचलतात, आणि पाव मिलिलिटरात मावलेले आपले अवघे कुलशील कोमट पाण्यात क्षणभर धरून आमच्या दावणीशी सोयरीक जुळवून जातात. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ ही संस्था स्थापन केली, तेव्हापासून संकरित गाईने या मुलखातल्या कित्येक चुली पेटत्या ठेवल्या. आमच्या घरची दोन लग्ने आपल्या लेकींच्या दुधावरच निभावली. तेव्हा आपल्या घराण्याविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल.

यजमान मात्र विलक्षण भेटला. ज्या सरकारच्या एका खात्याने, दुभत्या जनावरास दररोज पंचवीस-तीस किलो हिरवी वैरण लागते असे छापील पत्रकाने बजावून आपल्या लेकी आमच्या गोठ्यात आणविल्या, त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याने त्या वैरणीच्या पट्टीवर संपादनाचा शिक्का मारावा, तिसऱ्याने १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमातली बिगरशेती परवानगीची अट टप्प्याटप्प्याने सैल करावी, आणि उरलेसुरले गायरान कोणाच्या वखारीस द्यावे, असा हा पाहुणचार आहे. गेल्या पावसाळ्यात दावे सुटलेली आमची गाय सवयीने गायरानाकडे गेली, आणि नवा रोवलेला हद्दीचा दगड चाटून परत आली. मीठ वाटले असावे.

आपल्या चिरंजिवांचे काय करावे, हे तर कोणत्याच परिपत्रकात नाही. खिलार गोऱ्ह्याला वशिंड असते, त्यापुढे जू ठाम बसते. आपल्या चिरंजिवांची पाठ मेजासारखी सपाट, तीवर जू मागे मागे घसरते. २०१५ पासून गोवंशहत्याबंदी बैलांनाही लागू असल्याने गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि पोसावे तर वैरण कोठून आणावी? तथापि औत ओढण्यास शेतच न उरल्यावर बैलाने वशिंड बाळगावे कशासाठी, असा दूरदर्शी विचार सरकारदरबारी झाला असल्यास आम्ही आमचे म्हणणे मागे घेतो.

२०२४ साली देशी गाईस ‘राज्यमाता-गोमाता’ ही पदवी मिळाली. आपल्या लेकी राज्याला इतकी वर्षे दूध पाजून राज्याच्या मावश्याही ठरल्या नाहीत, हे कळविताना संकोच वाटतो.

सबब अर्ज एवढाच, की पुढल्या खेपेस आपल्या वंशात डांबर पचविण्याचा गुण उतरवावा. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर चरावयास पडले आहेत. उत्तर धाडताना पत्ता मात्र सातबाऱ्यावरून घेऊ नये. तेथे लवकरच दुसऱ्याचे नाव लागेल.

बहुत काय लिहिणे? लोभ असावा, हे विज्ञापना.